उभं राहिलं की गैरहजर

चिरंजीव मेदेर,

एकुलत्या एका भाच्याला कारा-बुलुंगच्या मामाचे, मामीचे आणि गोठ्यातल्या ज्यांना ज्यांना तू अजून ओळखत असशील त्या सगळ्यांचे आशीर्वाद. आधी विचारपूस करतो, कारण विचारपूस न करता एकदम मुद्द्यावर यायला मी काही तुझ्या शिक्षणखात्याच्या कार्यालयातला माणूस नाही. तू बरा आहेस ना? सूनबाई, मुलं ठीक? तुझ्या आईच्या गुडघ्यांना या थंडीत मेंढीची चरबी चोळलीस का, की बिश्केकच्या घरात तिचाही वास येतो? रीतीप्रमाणे आता मी तुझ्या गुराढोरांची खुशाली विचारायला हवी. तुझ्याकडे गुरं नाहीत म्हणून गाडीची विचारतो. चारही चाकं सुखरूप असोत आणि चोरांची नजर तिला न लागो.

इकडे सगळं ठीक. मामीचा खोकला गेला, आवाज मात्र शाबूत आहे. तांबडी गाय व्याली. एप्रिल लागला तरी शाळेच्या छपरावर बर्फ तसंच आहे. माझे डोळे उत्तम आहेत, त्यांची चौकशी करायचं कारण नाही.

परवा तू फोनवर जे बोललास ते मी गवताच्या गंजीवर चढून ऐकलं, कारण आमच्याकडे तुझा आवाज तिथेच येतो. "मामा, तुम्ही हे सगळं मुद्दाम करताय," असं तू ओरडलास. खाली तीन शेजारी उभे होते, त्यांनीही ऐकलं. मी उत्तर देणार तोच फोन तुटला, आणि मी उतरताना गंजीसकट खाली आलो. म्हणून हे पत्र. कागदावर माणसाला मध्येच कुणी तोडत नाही.

मुद्दाम काय केलं मी? आधी तू काय केलंस ते आठवू या. भाच्यानं मामाच्या दारात येऊन मागितलं तर नाही म्हणायचं नाही, तीनदा तरी नाही, ही आपली रीत. (म्हणूनच म्हातारे म्हणतात की भाचा येण्यापेक्षा सात लांडगे आलेले परवडले. लांडगे निदान काय नेणार ते आधी ठाऊक असतं.) सात वर्षांचा असताना तू पांढऱ्या कपाळाचं शिंगरू मागितलंस, दिलं. लग्नात माझ्या वडिलांचं चांदीच्या खिळ्यांचं खोगीर मागितलंस, दिलं, आणि मामी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. गेल्या ऑक्टोबरात तू आलास, मेंढीच्या डोक्याचा मान तुला दिला, गावचे सगळे पांढऱ्या दाढीचे लोक पंगतीला होते, आणि हात धुता धुता तू सहज बोलल्यासारखा म्हणालास, "मामा, तिसरी गोष्ट मागतो. एका हिवाळ्यापुरती तुमची शाळा द्या."

मला वाटलं इमारत मागतोयस, कुणाचं तरी लग्न असेल. मी तळवे पसरून आशीर्वाद दिला, सगळ्यांनी 'ओमीन' म्हणत तोंडावरून हात फिरवले, आणि मग तू पिशवीतून त्या चौदा काचेच्या पाट्या काढल्यास. प्रत्येक मूल आपापल्या घरी बसेल, काचेतल्या बाई शिकवतील, वर्ग नको, कोळसा नको, शारशेन अगायनी, म्हणजे या मास्तर मामानं, आता आराम करावा. मामाला मामा बनवायला भाचाच लागतो! पण दिलं ते दिलं. पंगतीत दिलेला शब्द आणि गिळलेला घास परत येत नाही. त्याच दिवशी मी शाळेच्या दाराला कुलूप घातलं. किल्ली तुझी आहे, तू विसरून गेलास म्हणून माझ्या घरी खिळ्याला लटकते आहे. तेव्हापासून ते दार मी उघडलेलं नाही. मुलांची शपथ घेऊन सांगतो, मुलांना विचार.

आता तुझा तो हिवाळ्याचा अहवाल. हजेरी आणि लक्ष मिळून शंभरातले एकतीस! आमची पोरं चंचल, बेशिस्त, धड्याच्या मध्ये उठून जातात, असं त्यात लिहिलंय म्हणे. माझ्या एक्केचाळीस वर्षांच्या नोकरीत या गावाला बेशिस्त म्हणणारा तू पहिला, आणि तूही याच वर्गात एक वर्ष काढलेला! बाबा रे, पोरं उठतात ती पळून जायला नाही. घरात मोठं माणूस आलं की उठायचं, दोन्ही हातांनी हात हातात घ्यायचा, पाणी घालायचं, चहाची वाटी द्यायची, हे तू शहरात राहून विसरलास की काय? हिवाळ्यात आमच्याकडे माणसं दुसरं करतात काय? एकमेकांकडे जातात. नऊला चुलते येतात, सव्वानऊला चुलत्यांना शोधत चुलती येते, साडेनऊला दोघांचं भांडण मिटवायला आजोबा येतात. प्रत्येक वेळी पोर उठतं. आणि पोर उठलं की काचेतल्या बाई गोड आवाजात म्हणतात, "विद्यार्थी उपस्थित नाही." पोर समोर उभं आहे, चांगलं पाच फुटांवर, हातात किटली घेऊन, आणि बाईंच्या लेखी ते घरातच नाही!

माझा दोष एवढाच की मीही जात होतो. काय करू? एक्केचाळीस वर्षं सकाळी आठला हे पाय चालायला लागतात, त्यांना तुझं परिपत्रक वाचता येत नाही. पोरं शिकतायत का बघावं म्हणून मी घरोघरी जायचो, आणि ज्या घरात शिरायचो तिथलं पोर ताडकन उभं राहायचं. चौदातली तेरा घरं. म्हणजे मीच गावभर गैरहजेरी वाटत फिरत होतो, हे मला फेब्रुवारीत कळलं. तेव्हा चोराच्या उलट्या बोंबा म्हणालास तरी हरकत नाही, पण मुद्दाम म्हणू नकोस.

बात्मा आजीच्या नातवाचं प्रकरण तर वेगळंच. तो तीन आठवडे गायब आहे असं तुझ्या यंत्रानं कळवलं होतं. झालं असं, की आजीच्या घरात एक बाई रोज येते, दिवसभर बोलते आणि चहाचा घोट न घेता जाते, ही गोष्ट आजीला लागली. पाहुणा निदान भाकरीला तोंड लावल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, शत्रू असला तरी. आजीनं काचेपुढं वाटी ठेवली, तळलेले बोरसोक ठेवले. आतून बाई म्हणाल्या, "कृपया धड्याच्या वेळी खाऊ नका." आजी लाल झाली. "माझ्या घरात बसून मलाच शिकवतेस होय गं? रागावली असशील, पण उपाशी जाऊ देणार नाही," म्हणत तिनं ताज्या सायीत भाकरी बुडवली आणि बाईंच्या तोंडाला, म्हणजे काचेला, लावली. नेमकी वरच्या त्या बारीक डोळ्याला. साय थंडीत गोठली, आणि तीन आठवडे बाईंना सगळं धुक्यात दिसत होतं. आजी मात्र खूश. ती म्हणते, "खाल्लंन, तेव्हापासून बोलणं जरा कमी झालंय."

हसलास ना? हस. आता न हसण्याचं.

तू फोनवर म्हणालास की यंत्रात खोट नाही, कारण याच गावातल्या एका मुलीला शंभरात नव्व्याण्णव आहेत. एकीला जमतं तर बाकीच्यांना का जमू नये? आणि वीस तारखेला नारीनमध्ये समिती बसेल तेव्हा तू हाच आकडा पुढं ठेवणार, कारा-बुलुंगला शाळेची गरज नाही असा कागद लिहिणार, आणि इमारत लोकरीच्या गोदामाला जाईल. त्या मुलीबद्दल सांगतो. इथे अक्षर जरा बिघडलंय आणि ओळी तिरक्या गेल्यात, चालवून घे.

ती सेझिम. पहिलीत आहे. आई-बाप मॉस्कोत इमारती झाडतात. आजोबा झापार शरद ऋतूत घोड्यावरून पडले तेव्हापासून अंथरुणात आहेत. घर ओढ्यापलीकडे, शेवटचं. शेजारीण सकाळी येते, चूल पेटवते, जेवण ठेवते आणि जाते. त्या घरी बाकी कुणी येत नाही. मीही गेलो नव्हतो. ओढ्यावर बर्फ होतं, घसरायची भीती होती, आणि खरं सांगायचं तर तिचे आकडे चांगले आहेत असं ऐकून मी निर्धास्त होतो. हे माझं पाप.

फेब्रुवारीच्या अखेरीस गेलो. बूट आपटले, खोकलो, आत शिरलो. चूल विझत आली होती, आजोबा झोपले होते, आणि ती काचेसमोर ताठ बसली होती. उठली नाही. मेदेर, या गावात मी आत आलो आणि मूल बसून राहिलं असं एक्केचाळीस वर्षांत झालं नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी आवाज चढवून म्हणालो, "सेझिम, घरात कोण आलंय?"

तिनं मानही वळवली नाही. हळूच म्हणाली, "अगाय, मला कळलंय तुम्ही आलात. पण मी उठले तर बाई म्हणतात मी नाहीये."

मी म्हटलं, म्हणू दे. तर म्हणाली, "दिवसभरात माझं नाव त्याच घेतात. मी नाहीये असं त्यांना वाटलं तर उद्या नाही घेणार. तुम्ही बसा, थोड्या वेळानं घंटा होते."

मी पिठाच्या पोत्यावर बसलो. तासभर बसलो. शेवटी बाई म्हणाल्या, "शाब्बास सेझिम, आजही सर्वांमध्ये तूच सर्वांत लक्ष देऊन बसलीस." सर्वांमध्ये? खोलीत ती होती, घोरणारे आजोबा होते आणि पोत्यावर मी होतो. घंटा झाल्यावर मात्र ती उठली. दोन्ही हातांनी माझा हात धरला, पाणी आणलं, थंड झालेला चहा दिला, सगळं रीतीप्रमाणे, आणि मग विचारलं, "अगाय, बाकीची मुलं आहेत का अजून?"

मी तिथं रडलो. पोरीसमोर रडलो. तिनं मला टॉवेल आणून दिला.

हे तुझे नव्व्याण्णव. त्या घरात उठून उभं राहावं असं कुणी येत नाही, म्हणून ती बसून राहते. समितीला हा आकडा दाखवायचा असेल तर दाखव, पण तो कसला आकडा आहे हेही सांग. आपण दोघांनी मिळून एका सात वर्षांच्या मुलीला एकटं टाकलं. मी पंगतीत हात पसरून आशीर्वाद दिला, तू कुलूप लावायला लावलंस, आणि दोघांनीही मागं वळून पाहिलं नाही.

आता तू म्हणशील की मामा म्हातारा झाला, त्याला यंत्राचा द्वेष आहे. नाही रे. तुझ्या काचेतल्या बाईंना अपूर्णांक माझ्यापेक्षा चांगले शिकवता येतात. एकाच गोष्टीला त्या वीस वेळा उत्तर देतात आणि कुणाचा कान पिळत नाहीत. मी पिळले. तुझाही पिळला होता, डावा, त्याबद्दल आज क्षमा मागतो. (उजवा पिळला तो मात्र बरोबर पिळला.) पण हजारो मैलांवरून उंटावर बसून शेळ्या हाकणाऱ्याला कोणती शेळी लंगडते ते कसं कळावं? आमच्या एका खोलीत चार इयत्ता बसत. चौथीचे पाढे ऐकून ऐकून पहिलीतलं पोर ते आपोआप शिकायचं. तू वजाबाकी कुणाकडून शिकलास? माझ्याकडून नाही. पुढच्या बाकावरच्या मुलीच्या वहीत डोकावून शिकलास, आणि ती तुला दिसावी म्हणून वही जरा तिरकी धरायची, हे मी बघत होतो आणि न बघितल्यासारखं करत होतो. तेवढ्यासाठी मला पगार होता.

आणि उभं राहण्याचं तुला मी सांगावं? तू इतका बुटका होतास, की तू उभा आहेस की बसलायस ते मला कळत नसे. म्हणून मी आत आलो की तू बाकावर चढून उभा राहायचास, सगळ्यांपेक्षा उंच, छाती काढून. पहिल्याच दिवशी तसा चढलास, घाबरलास, आणि मग दुपारभर तुझी विजार चुलीजवळ का वाळत होती ते मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही. शिक्षकाच्या पोटात अशा शेकडो विजारी असतात. यंत्रानं ती नोंद कुठं केली असती आणि कुणाकुणाला दाखवली असती, याचा तूच विचार कर.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. सूनबाईंना सांग की वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या मामीनं पिशवीत शिवून ठेवल्यात, येणाऱ्या गाडीनं पाठवतो. आईला माझा नमस्कार, तिला म्हणावं तुझ्या भावाचं डोकं अजून ठिकाणावर आहे. तुझ्या दारातून पाहुणा आणि ताटातून भाकरी कमी न होवो.

तुझा मामा,
शारशेन

ता. क. : मार्चचा आकडा अजून तुझ्यापर्यंत पोचला नसेल. पोचला की खुर्ची घट्ट धर. एकतीस पुष्कळ होते असं वाटेल. कारण असं, की दार मी उघडलेलं नाही हे खरंच आहे, कुलूप तुझं आणि शब्द माझा. पण मागच्या बाजूला कोळशाच्या खोलीची खिडकी आहे आणि तिच्याबद्दल पंगतीत काही बोलणं झालं नव्हतं. मार्च लागल्यापासून आम्ही सगळे खिडकीतून येतो. घरटी एकेक टोपली गोवऱ्या येतात, चूल चांगली पेटते. काचेच्या पाट्याही आणतो, बाकांवर मांडतो, कारण तू दिलेल्या पाहुणीला उपाशी कसं ठेवायचं? फक्त मी खिडकीतून आत येतो (आधी पाय, मग पोट, मग काही वेळानं डोकं) तेव्हा चौदाच्या चौदा उभी राहतात आणि चौदा बाई एका सुरात ओरडतात की कुणीच उपस्थित नाही. फार मजा येते.

ता. क. दुसरा : डोळ्यांबद्दल मी वर खोटं लिहिलं. मोतीबिंदू दोन्हीकडे आहे. फळा मला पांढरा दिसतो आणि बर्फ काळं. म्हणजे तुझ्या कार्यालयानं मला आराम सांगितला तो अगदीच चुकीचा नव्हता, हे कबूल करायला मला सहा महिने लागले. हे पत्र मी लिहिलेलं नाही, सांगितलंय. तिसरी-चौथीनं श्रुतलेखन म्हणून आळीपाळीनं उतरवलंय आणि बाकीच्यांनी ऐकलंय, त्यामुळं तुझ्या विजारीची गोष्ट आता कारा-बुलुंगमध्ये गुप्त राहिलेली नाही. सेझिमबद्दलचा तेवढा मजकूर मधल्या सुट्टीत माझ्या हातानं लिहिला, तो तिरका गेलेला.

आता मागणं. भाच्यानं तीनदा मागितलं, मामानं तीनदा दिलं. मामानं भाच्याकडे मागायची रीत नाही, ती आज मी मोडतो. शाळा परत मागत नाही, दिलेली वस्तू मागत नाहीत. वीस तारखेच्या आधी तू स्वतः ये, खिळ्यावरची तुझी किल्ली घे आणि तुझं दार तू उघड. एक दिवस मागच्या बाकावर बस. मग कागदावर तुला जे दिसेल ते लिही. आणि माझी खुर्ची मला नको, तिच्यावर बसायला कुणी तरुण मुलगा किंवा मुलगी पाठव, जिला फळा दिसतो, जिला थंडी वाजते आणि जिला कधी कधी राग येतो. काचेतल्या बाई अपूर्णांकांसाठी राहू देत. बात्मा आजीलाही त्यांची आता सवय झाली आहे.

ता. क. तिसरा, हा पहिलीकडून. अक्षर काचेतल्या बाईंनी शिकवलेलं आहे, श्रेय त्यांचंच. तिला म्हटलं, तुला वाटेल ते लिही, मी वाचणार नाही, तसंही मला दिसत नाही :

मेदेरदादा मी सेझिम. आज अगाय खिडकीतून आले तेव्हा आम्ही सगळे उभे राहिलो. त्यांना नीट दिसत नाही म्हणून ते रोज एकेकाच्या डोक्यावर हात ठेवून विचारतात हा कोण. माझ्या डोक्यावर ठेवला तेव्हा माझी पाटी ओरडली की मी नाहीये. मी बसले नाही. मी म्हटलं अगाय मी आहे.